कुऱ्हाड आणि रानपिंगळा

खांदा कॉलनीत आम्ही राहावयास आलो तेव्हा गच्चीवर उभे राहिले की दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसे. आता मधे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दोन इमारतींच्या फटीतून पावसाळ्यानंतरच्या एखाद्या निवळ सकाळी तो अंगठा दिसला तर दिसतो. घरी आलेल्या पाहुण्यांना मी तो दाखवितो, आणि बहुतेक पाहुणे ठरावीक उद्गार काढतात: "जंगल राखले पाहिजे हो!" हे उद्गार ते सागवानी कोचावर बसून काढतात, याचे मला मनातल्या मनात हसू येते. अर्थात माझ्या घरचा देव्हाराही सागाचाच आहे, तेव्हा हा टोमणा मला स्वतःलाही लागू आहे.

कर्नाळ्यापुरता प्रश्न सोपा आहे. १९६८ साली ते पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांहूनही किंचित कमी होते. २००३ मध्ये ते वाढवून १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. तेथे लाकूडतोडीचा धंदा चालत नाही. शहरातील माणसे येतात, दुर्बिणी रोखतात, शिदोरी खातात आणि परत जातात. परंतु सरकारच्या ताब्यातील सारे जंगल म्हणजे काही कर्नाळा नव्हे. ठाणे, पालघर, नाशिक, नंदुरबार, अमरावती या जिल्ह्यांतील विस्तीर्ण वनांत लाकूडतोड ही शेकडो पाड्यांची पिढीजात मजुरी आहे, आणि त्याच वनांत असे प्राणी व पक्षी आहेत की जे तेथून नाहीसे झाले तर पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही सापडावयाचे नाहीत. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय आहे.

प्रथम ही तोड कशी चालते ते पाहू. शहरवासीयांची कल्पना अशी असते की, कुऱ्हाडी घेऊन माणसे रानात शिरतात आणि हाती लागेल ते तोडीत सुटतात. चोरटी तोड तशी होते, हे खरे. परंतु कायदेशीर तोड ही मोठी हिशेबी गोष्ट आहे. वनखाते प्रत्येक विभागासाठी काही वर्षांची एक कार्य आयोजना तयार करते. तोडीस योग्य असे जंगल तीत अनेक तुकड्यांत वाटलेले असते. या तुकड्यास 'कूप' म्हणतात. समजा, आवर्तन चाळीस वर्षांचे ठरले, तर जंगलाचे चाळीस कूप पाडावयाचे आणि दरसाल एकच कूप तोडावयाचा. चाळिसावा कूप तुटेपर्यंत पहिल्या कुपातील खोडांना फुटलेले धुमारे चाळीस वर्षांचे वृक्ष झालेले असतात. साग हा खोडापासून पुन्हा जोमाने फुटणारा वृक्ष असल्यामुळे ही युक्ती साधते. तोडीपूर्वी वनरक्षक झाडाझाडांवर खुणा करतो. कोणते पाडावयाचे व कोणते राखावयाचे हे तेथे ठरते, आणि वनखात्याच्या हातोड्याचा ठसा उमटल्यावाचून लाकूड रानाबाहेर जात नाही. पावसाळा सरला, भाताची कापणी आटोपली की तोड सुरू होते आणि पुढील पावसाच्या आत ओंडके आगारात पोहोचवावे लागतात. म्हणजे हे काम बरोबर त्याच महिन्यांत येते, ज्या महिन्यांत डोंगरावरील माणसाच्या शेतात काही नसते. एरवी हीच माणसे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर मुलाबाळांसह परगावी जातात आणि त्यांच्या मुलांच्या शाळेतील जागा दिवाळीपासून रिकाम्या दिसू लागतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. हजेरीपट वर्षानुवर्षे माझ्याच हाती होता.

ही मजुरी आदिवासींना सुखासुखी मिळालेली नाही. एके काळी कूप लिलावात ठेकेदार घेत, आणि वारली, ठाकूर, कातकरी मजूर त्यांच्या कर्जात बुडालेला असे. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली, तिच्या अहवालात ही वेठ आणि पिळवणूक नमूद आहे. पुढे १९४५ साली उंबरगाव व डहाणू या तालुक्यांत गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, आणि गवतकापणीच्या व जंगलकामाच्या मजुरीचे दर मागून घेतले. बाळ गंगाधर खेर हे मुंबईचे मुख्य मंत्री असताना १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. ठेकेदार बाजूस सारावा आणि कूप तोडणाऱ्यांच्याच संस्थेस द्यावा, ही त्यामागील कल्पना. सर्व संस्था निर्मळ चालल्या असे मी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी ठेकेदार पुढच्या दाराने गेला आणि चिटणीस होऊन मागच्या दाराने आत आला. तथापि, कुऱ्हाड चालविणाऱ्यास रोख मजुरी आणि नफ्यात वाटा मिळावा हे तत्त्व तेथे प्रथम मान्य झाले. तेव्हा "तोड बंद करा" असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा नेमके काय बंद करावयास सांगतो, हे ध्यानात असू द्यावे.

आमच्या भागातील लोकांना तर हे सांगावयासही नको. पनवेलपासून जवळच, उरण तालुक्यात चिरनेर गाव आहे. तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही मारले गेले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता. जंगलावर हक्क कोणाचा, हा सवाल आमच्याकडे असा रक्ताने लिहिलेला आहे.

आता दुसरी बाजू. ती एका लहानशा पक्ष्याच्या रूपाने सांगतो.

पिंगळा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिन्हीसांजेस विजेच्या तारेवर बसून चिरचिर करणारे ते घुबडाचे लहान भावंड. त्याचाच एक रानातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. सुमारे साळुंकीच्या लांबीचा, पण अंगाने भरलेला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, ते याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. पोट पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे, पाय पिसांनी झाकलेले आणि नख्या अंगाच्या मानाने थोराड. घुबडास आपल्या भाषेत 'दिवाभीत' असा एक सुंदर शब्द आहे, पण या पक्ष्यास तो मुळीच शोभत नाही. हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळी उन्हात उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, टोळ टिपतो.

याचा इतिहास एखाद्या गुप्तहेरकथेसारखा आहे. १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थास तो आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात सापडला आणि पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हे ह्यूम म्हणजे राष्ट्रसभेच्या स्थापनेतील तेच ह्यूम. पक्षिशास्त्र हा त्यांचा दुसरा संसार होता. नंतर खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने मिळविले. त्यांपैकी शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे कर्नल माइनर्ट्‌झहॅगेन या नामांकित पक्षिसंग्राहकाने, गुजरातेत मांडवी येथे १९१४ साली आपण एक मिळविल्याचे सांगितले, आणि शोध घेणारे त्या ठिकाणी शोधीत राहिले. प्रत्यक्षात तो नमुना त्याने दुसऱ्या संग्रहातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी चिकटविलेली होती! पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने हे कपट उघडकीस आणले आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे हाती घेतली. बेन किंग व डेव्हिड अॅबट या दोघा सहकाऱ्यांसह ती नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आली, आणि एका सकाळी, उन्हात, पानगळ झालेल्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे नाहीसा मानलेला पक्षी तेथेच होता. तेथील पावरा आणि भिल्ल लोकांना तो नाहीसा झाल्याची वार्ता कोणी कळविली नव्हती इतकेच.

त्यानंतर तो तोरणमाळ, यावल, मेळघाट व मध्य प्रदेशातील काही जंगलांत आढळला. २०१४ साली तो तानसा अभयारण्यात दिसला, ही आपणा मुंबईकडच्या मंडळींस विशेष सांगण्याजोगी गोष्ट. ज्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते त्याच्याच भोवतालचे हे जंगल. मध्य भारताबाहेर जगात कोठेही नसलेला पक्षी मुंबईच्या नळाच्या उगमाशी बसलेला निघाला. त्यांतील प्रौढ पक्ष्यांची संख्या जाणकार हजाराच्या आतच धरतात, आणि जागतिक यादीत आज तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

आता या दोन गोष्टी, कूप आणि पिंगळा, एकमेकींस नेमक्या कोठे भिडतात? येथे सर्वसाधारण समजूत चुकते असे मला वाटते. रानपिंगळ्यास घनदाट, अस्पर्शित अरण्य हवे असते असे नाही. उलट तो विरळ, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या सागाच्या रानातच सापडतो. दाट झाडीत त्यास शिकार दिसत नाही. तेव्हा काही झाडे तुटली एवढ्याने त्याचे घर मोडत नाही. त्याचे घर मोडते ते ढोली नाहीशी झाल्याने. तो घरटे विणत नाही; सुतार पक्ष्याने कोरलेल्या किंवा फांदी मोडून कुजून झालेल्या ढोलीत अंडी घालतो. आणि ढोली काही तरण्या झाडास पडत नाही. त्यासाठी झाड जुने व्हावे लागते, वादळात फांदी जावी लागते, पाणी मुरावे लागते, बुरशी लागावी लागते. याला चाळीस वर्षे पुरतातच असे नाही. पुष्कळदा झाडाचे सारे आयुष्य लागते.

म्हणजे चाळीस वर्षांच्या आवर्तनाचा खरा दोष हा की, जंगल हिरवे राहते, उत्पन्न देते, पण ते कधी म्हातारे होत नाही. त्यात आणखी भर अशी पडली की, पूर्वीच्या काळी वनशास्त्राच्या शिस्तीत पोकळ, वाकडे, रोगट झाड म्हणजे जागा अडविणारे झाड. जंगल 'साफ' करताना त्याच्यावर पहिली खूण व्हावयाची. माळी बागेतील वाळकी फांदी छाटतो त्याच बुद्धीने हे केले जाई, त्यात वाईट हेतू नव्हता. परंतु आपण ज्यास रोगट म्हणून काढले ते कोणाचे तरी बाळंतिणीचे घर होते.

आणि गंमत पाहा. आगारातील लिलावात पोकळ ओंडक्यास किंमत किती? जवळजवळ काहीच नाही. फार तर जळाऊ लाकडाची. सरळ, भरीव, घेरदार सागास व्यापारी चढाओढ करतात, पोकळास कोणी विचारीत नाही. म्हणजे पक्ष्यास जे झाड सर्वांत मोलाचे, ते व्यापाऱ्यास सर्वांत कवडीमोल. दोन भाऊ वाटणीस बसले आणि एकास आंबा हवा, दुसऱ्यास कोय, तर त्यांनी कोर्टात का जावे? अर्थात प्रश्न इतकाच असता तर भाषणाची गरज नव्हती. आजचा भरीव साग हाच उद्याचा पोकळ वृक्ष आहे, म्हणून काही उत्तम झाडे म्हातारी होण्यासाठी सोडावीच लागतील, आणि तेथे पैशाचा त्याग आहे. शिवाय अतिक्रमण, उन्हाळ्यातील वणवे, आणि घुबड अपशकुनी म्हणून त्यास मारण्याची खुळी समजूत, हे शत्रू निराळेच आहेत. त्यांचा कुपाशी संबंध नाही.

कायद्याने यावर काय केले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांतील तोड जवळजवळ थांबविली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आज्ञा दिली की, केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेवाचून कोणत्याही वनात तोड होऊ नये. ज्या विभागांची आयोजना तयार नव्हती तेथील कूप जागच्या जागी थांबले. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्यांतून व राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेले, पडलेले झाड व गवतही काढण्यास मनाई झाली. या आज्ञांनी पुष्कळ जंगल वाचले, यात संशय नाही. ज्या राज्यांत बेबंद तोड चालली होती तेथे तर दुसरा इलाजच नव्हता. परंतु बंदी घालताना झाडांची मोजदाद होते, पक्ष्यांची होते. कुपावरील मजुरीचे किती दिवस बुडाले याची मोजदाद त्याच तत्परतेने होत नाही.

शहापूरकडे बदली असताना माझ्या हाताखाली शिकलेला एक ठाकूर मुलगा, आता संसारी माणूस, मध्यंतरी घरी आला होता. मी मोठ्या उत्साहाने त्यास रानपिंगळ्याचे चित्र दाखविले. त्याने ते नीट पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, याला ढोल पायजे हे खरं. पन माजा बाप ज्या साली कूप बंद झाला त्या साली भट्टीवर गेला, आन् माजी शाळा तितंच सुटली. याचं चित्र कोनी काढलं का?" मी निरुत्तर झालो. त्या वर्षी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मीच लाल शाईने गैरहजेरी मांडीत गेलो होतो, आणि कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' एवढा एक शब्द लिहिला होता.

हाच झगडा अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तेथेही निमित्त घुबडाचेच होते. वॉशिंग्टन, ऑरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतील सरकारी जंगलांत ठिपकेदार घुबड राहते. त्यास मात्र खरोखरीच शतकानुशतकांचे दाट अरण्य लागते. १९९० साली त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये नवी वनयोजना आली आणि तेथील केंद्र सरकारच्या जंगलांतील तोड पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आली. लाकूडतोड्यांच्या गावांत घुबडाच्या नावाने शिव्याशाप सुरू झाले. पण हिशेब नीट मांडला असता असे दिसले की, घुबडाच्या आधीपासूनच नवी यंत्रे कारखान्यांतील माणसे कमी करीत होती, आणि पुष्कळसे लाकूड न चिरताच ओंडक्यांच्या रूपाने परदेशी जात होते; चिराईची मजुरी त्याच्याबरोबरच जहाजात चढत होती. घुबड हे सर्वांना दिसणारे कारण होते, यंत्र तितके दिसत नव्हते. दुसराही धडा तितकाच कडू आहे. तोड थांबूनही ते घुबड सावरले नाही, कारण पूर्वेकडून आलेल्या पट्टेरी घुबडाने त्याची जागा बळकावण्यास सुरुवात केली. म्हणजे मजुरी गेली ती गेलीच, आणि पक्षीही निर्धास्त झाला नाही. कुऱ्हाड थांबविणे हा उपाय आवश्यक असेल, पण तो पुरेसा असतोच असे नाही.

आपल्याकडे याहून बरा मार्ग कोठे दिसतो काय? मला एक दिसतो, आणि तो चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव येथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावास २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. गावाने बांबू विकावयास घेतला आणि त्यावर लोकांस गावातच काम मिळाले. तेंदूपत्ता तोडून आणखी पैसा मिळाला असता. पण तेंदूसाठी झाडे छाटतात, नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात, आणि त्याने रान व रानातील जीव होरपळतात. तेव्हा तेंदू तोडावयाचा नाही असे गावानेच सभेत बसून ठरविले. जंगलाचा एक भाग मुळीच न तोडण्यासाठी बाजूस ठेविला. वरून हुकूम आला असता तर हाच निर्णय जुलूम वाटला असता. बांबूची मिळकत हाती होती म्हणून तेंदूचा त्याग परवडला, हेही तितकेच खरे; रिकाम्या पोटी कोणी असा ठराव करीत नाही.

तेव्हा सागाच्या रानात काय करता येईल? कूप सारेच बंद करू नयेत, आणि पूर्वीसारखे सारेच तोडूही नयेत. प्रत्येक कुपात ढोलीची झाडे राखावी, त्यांच्या जोडीस काही भरीव झाडे पुढील शतकासाठी सोडावी. विणीच्या काळात घरट्याच्या आसपास कुऱ्हाड नेऊ नये. आणि यामुळे मजुरीचे जे दिवस घटतील ते त्याच माणसांस त्याच हंगामात दुसऱ्या कामाने भरून द्यावे: वणव्याच्या पट्ट्या काढणे, ढोल्यांची गणती, राखण. हे दानधर्म म्हणून नव्हे. कामाचे दाम म्हणून. आपण शहरातील लोक तानसाचे पाणी पितो आणि सागाच्या दारामागे झोपतो. या खर्चाचा वाटा आपल्या पाणीपट्टीत पडला तर मला तरी तो जड वाटणार नाही.

त्या ठाकूर विद्यार्थ्यास मी हे सारे सांगितले. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, ढोलीचं झाड वनरक्षकाला वळखत न्हाई, ते माज्या बापाला वळखतं." मग त्याने उठून आमच्या दाराच्या सागवानी चौकटीवर बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक केले. त्याचा बाप, म्हणे, झाडास घाव घालण्यापूर्वी कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर खालपासून हात पोहोचेल तेथवर वाजवीत जात असे. भरीव लाकूड एका आवाजात बोलते, पोकळ दुसऱ्या. आत ढोली असली तर आवाज कोणत्या उंचीवर फिरतो तेही त्यास समजे. पोकळ झाड वेडेवाकडे कोसळून माणसास मारते, म्हणून ही विद्या त्याने स्वतःच्या जीवासाठी शिकलेली होती. खुणा करण्याच्या वेळी वनरक्षकाबरोबर त्यास कोणी कधी नेले होते काय, असे मी विचारले.

"न्हाई," तो म्हणाला. "खुना झाल्यावरच बोलावत."